डावीकडची जागा

उद्या तलावावर जायचं म्हणताय, तर जा. मी कोण अडवणारा? पण मघाशी धवलनं विचारलं, 'तात्या, तुम्ही का येत नाही? पाण्याला भिता काय?' अरे बाळा, उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेला माझा. पाण्याच्याच पगारावर तुझ्या बापाचं, माझ्या धाकट्या भावाचं, शिक्षण झालं. पाण्याला मी भितो होय?

वीज काही तासाभरात येत नाही आता. प्रांजल, ती मेणबत्ती जरा कठड्याच्या आडोशाला ठेव. हां. आणि गच्चीचं दार ओढून घे, उगाच आपटत राहील. आता ऐका. ऐकून झाल्यावर पुन्हा 'चला तात्या' म्हणालात, तर बघू.

सुमंतला तुम्ही पाहिलंय. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. उंच, थोडा वाकलेला, बोलणं बेताचं. ही गोष्ट त्याची. पण मला ती त्यानं सांगितलेली नाही, त्याच्या बायकोनं सांगितली. तो अजून त्यातला चकार शब्द बोलत नाही.

तीन वर्षं झाली. गणपती दूध प्यायला लागले आणि अर्धा सातारा वाटी-चमचा घेऊन देवळापुढं उभा राहिला, ते साल आठवतंय ना? त्याच सालची कोजागिरी. आठ ऑक्टोबर, रविवार. त्या सकाळी सुमंत घरातून बाहेर पडला तो एवढ्याशा कामाला, की दागिने गाठवणाऱ्या ज्ञानू पटवेकऱ्याकडं जाऊन एक दोरा बदलून आणायचा.

दोरा होता सवतीच्या टाकाचा. बघा, लगेच तोंडं वाकडी केलीत! तुम्हा कॉलेजातल्या पोरांना हे ठाऊक नसणार. पहिली बायको गेली आणि माणसानं दुसरं लग्न केलं, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभी बाई ठोकलेली. गेलेलीचा जीव संसारात घुटमळू नये, नवीला तिनं त्रास देऊ नये, म्हणून ही सोय. पण नुसता गळ्यात अडकवून भागत नाही, मान द्यावा लागतो. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. कुंकू आधी तिला. आंब्याची पहिली फोड तिला. तिचं झाल्यावर मग आपलं.

सुमंतची पहिली बायको चारुलता. मी चारूवहिनी म्हणायचो. फार हसरी बाई. पण हृदय नाजूक. चार पावलं चालल्या की थांबायच्या, छातीवर हात ठेवून दम घ्यायच्या, आणि 'चला' म्हणून हसत पुन्हा चालू लागायच्या. आणि सुमंत त्यांच्यापायी वेडा होता. तेव्हाचा सुमंत तुम्ही पाहायला हवा होता, खो खो हसायचा. ऑफिसच्या जिन्यात त्याचं हसणं ऐकू आलं की साहेबसुद्धा मान वर करायचे.

आता तलावाचं सांगतो. मेढ्याच्या रस्त्याला आमच्या खात्याचा जो तलाव आहे, तिथं बाग करायची, बोटी सोडायच्या, लोकांना चार घटका हवा खायला जागा करायची, असं ठरलं. बोटी आल्या, ट्रकमधून उतरल्या, आणि उद्घाटनाला पाहुणा मिळेना म्हणून आमच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिल्या. त्यात एक बदकाची होती. पांढरी मान, लाल चोच, सायकलसारखी पायडलं मारून चालवायची. एका दुपारी चारूवहिनी डबा घेऊन आल्या आणि त्यांनी हट्टच धरला, मला त्यात बसायचंय. बसल्या की हो! कोरड्या जमिनीवर, भर उन्हात, बदकाच्या पोटात. डावीकडं त्या, उजवीकडं सुमंत. चार-पाच पायडलं मारायच्या... थांबायच्या... दम घ्यायच्या... पुन्हा चार-पाच. दोघं हसून हसून बेजार.

"अहो, पाण्यात उतरली की पहिली मी हं," वहिनी म्हणाल्या.

"पहिली तू. तुझ्याआधी कोणी नाही," सुमंत म्हणाला. मी तिथंच उभा होतो.

पाहुणा मिळाला तोवर एक पावसाळा गेला होता. आणि त्या पावसाळ्यात चारूवहिनीही गेल्या.

वर्षभरानं घरच्यांनी सुमंतचं दुसरं लग्न लावलं. अबोली, सांगलीची. देखणी, हुशार, कामाला वाघ. पण बिचारीच्या वाट्याला काय आलं बघा. घरातल्या प्रत्येक पातेल्यावर नाव कोरलेलं, सौ. चारुलता. शेजारणी आल्या की 'आमच्या चारूच्या हातची आमटी काय व्हायची!' आणि नवरा चांगला, पण जेवताना गप्प, बाजारात गप्प, सिनेमात गप्प. अबोली जळायची. उघड जळायची. जिवंत सवत असती तर झिंज्या धरून भांडता आलं असतं. मेलेलीशी काय भांडणार? ती म्हातारी होत नाही, तिची भाजी करपत नाही, ती उलट बोलत नाही. तिच्याशी बरोबरी करायची कशी?

म्हणून अबोलीला एक तरी गोष्ट हवी होती जी फक्त तिची असेल. एक जागा, जिथं ती दुसरी नसेल.

कोजागिरीच्या आधी पेपरात आलं, की तलावावर त्या रात्री चांदण्यात बोटी चालू राहणार, मसाला दूध मिळणार. तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्ही त्यांना नेलं होतं का हो तिथं बोटीत?"

"नाही गं," सुमंत म्हणाला. "तेव्हा बोटी सुरूच झाल्या नव्हत्या."

खोटं बोलला का? नाही. खरं बोलला का? तेही नाही. पण अबोलीला तेवढं पुरलं. आणि रविवारी सकाळी तिनं टाक नवऱ्याच्या हातात दिला. दोरा कुजलाय, आजच्या आज गाठवून आणा म्हणाली.

दोरा कुजला नव्हता. तिनंच रात्री बसून नखानं उसवला होता.

ज्ञानू पटवेकरी म्हणाला, "आवं, सणाचं लय काम पडलंय. ठिवून जावा, उद्या देतो." सुमंत रिकाम्या हातानं परतला. घरी येऊन म्हणाला, आजचं तलावाचं राहू दे, गळा मोकळा ठेवून नवं काही करू नये म्हणतात. अबोली म्हणाली, "एका रात्रीनं काय होतंय? त्यांनाही जरा विश्रांती." आणि ती गाणं गुणगुणत दूध आटवायला बसली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी दोघं स्कूटरवर निघाले. तलावावर जत्राच भरली होती. झाडांना दिव्यांच्या माळा, मोठ्या कढईत दूध, गवतावर सतरंज्या, पोरांचा दंगा. पाणी काठोकाठ. आणि वर चंद्र असा, की पेपर वाचावा.

धक्क्यावर कोंडीबा होता, आमचा रोजंदारीवरचा नावाडी. त्यानं सुमंतला ओळखलं. "या सायेब. ही एकच ऱ्हायलीया बगा, बाकीच्या समद्या पान्यात हायत."

राहिली होती ती बदकाची.

सुमंत थबकला. "दुसरी येईपर्यंत थांबू."

"का? हीच घेऊ की," अबोली म्हणाली. "किती गोड आहे!" आणि ती पदर खोचून चढलीसुद्धा. डावीकडं बसली.

सुमंत काही बोलला नाही. बोलायला हवं होतं. तिथंच सांगून टाकलं असतं, की अगं, या बोटीची अशी अशी गोष्ट आहे, तर एक रुसवा झाला असता आणि संपलं असतं. पण पुरुषाची जात! रुसवा नको म्हणून मुकाट बसला उजवीकडं.

आता ही बोट कशी असते ते ध्यानात घ्या. दोघांची पायडलं एकाच दांड्याला. एकानं मारली की दुसऱ्याचीही फिरतात. मध्ये वळवायचा दांडा. मागं पोरांसाठी एक आडवी फळी. एवढंच.

निघाले. काठावरचा गलका मागं पडला. दिव्यांच्या माळा लहान झाल्या. मधोमध आल्यावर अबोलीनं डबा काढला, पेल्यात दूध ओतलं. दुधात चंद्र पडला. तो तिनं नवऱ्याला दाखवला. सुमंतनं सवयीनं तिच्या गळ्याकडं पाहिलं. पहिला घोट टाकाला दाखवायची त्यांची रीत. गळा मोकळा.

"आधी..." तो म्हणाला.

"आज आधी मी," अबोली म्हणाली. आणि तिनं घोट घेतला. मोठा. मला सांगताना ती म्हणाली, भाऊजी, इतकं गोड दूध मी जन्मात प्याले नव्हते.

ती पाण्याकडं बघत बसली. बोट चालली होती. संथ. छान.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "दमाल हो. किती मारताय? थांबा जरा."

"मी कुठं मारतोय? तूच मारतेयस."

अबोलीनं खाली पाहिलं. तिनं पाय कधीच वर घेतले होते. मांडी घालून बसली होती ती.

सुमंतनं त्याचे पाय उचलले.

पायडलं फिरत होती.

दोघं बघत राहिले. चांदणं थेट पायांशी पडलेलं. लपण्यासारखं काही नव्हतं. चार-पाच फेरे... आणि थांबली.

अबोलीनं श्वास सोडला. "प्रवाह असेल," म्हणाली.

तलावाला कुठला प्रवाह?

सुमंत वाट बघत होता. ते तिला कळलं. घाबरलेला माणूस असा वाट बघत नाही.

पुन्हा सुरू झाली. चार-पाच फेरे... थांबली... दम घेतल्यासारखी थांबली... पुन्हा...

"कोण आहे हो?" अबोलीनं विचारलं.

सुमंतनं डावीकडच्या पायडलांकडं पाहिलं.

"कोण आहे?"

"...चारू."

आता मला सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं? किंचाळला असता. अबोली नाही किंचाळली. ती म्हणाली, भाऊजी, भीती नंतर आली. आधी राग आला. असा राग, की डोळ्यांपुढं चंद्र काळा झाला. तिनं नवऱ्याला विचारलं, तुम्ही तर म्हणालात त्यांना आणलं नव्हतं. तेव्हा सुमंतनं सांगितलं. आवारातली दुपार. ताडपत्री. दिलेला शब्द. अगदी हळू सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज मऊ होत गेला. त्या आवाजात तो अबोलीशी कधी बोलला नव्हता.

"म्हणजे ही बोटसुद्धा त्यांचीच," अबोली म्हणाली.

डावीकडं... तिला अंगाला गार लागलं. वारा नव्हता. मांडीशी कोणी सरकून बसावं तसं. सरक, म्हणावं तसं.

ती उठली. बोट डुचमळली. ती मागच्या फळीवर जाऊन बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "बसा. घ्या तुमची जागा. एवढी एक फेरी. मग सोडा ह्यांना."



सुमंतनं पाय पायडलांवर ठेवले.

बोट निघाली. चार-पाच फेरे... थांबायचं... पुन्हा... मागच्या फळीवर, जिथं पोरं बसायची, तिथं अबोली. समोर नवऱ्याची पाठ. त्याच्या डावीकडं रिकामी जागा. तो त्या जागेकडं वाकून काहीतरी बोलत होता. ऐकू येत नव्हतं. तिनं कान दिले... नाहीच.

आणि मग तो हसला.

खो खो हसला. पाण्यावर घुमलं ते.

अबोली मला म्हणाली, "भाऊजी, लग्नाला इतकी वर्षं झाली. मला तोवर ठाऊक नव्हतं, ह्यांना असं हसता येतं म्हणून. आणि अख्ख्या फेरीत... एकदा... एकदासुद्धा मागं वळून बघितलं नाही ह्यांनी."

बोट धक्क्याला लागली. कोंडीबानं गळानं ओढून घेतली. बायामाणसांना तो हात द्यायचा. त्यानं डावीकडं हात पुढं केला. "उतरा वैनी, जपून. निसरडं हाय." हात तसाच... जरा वेळ. मग कोणी उतरल्यासारखा त्यानं तो मागं घेतला. मग त्याचं लक्ष फळीवर गेलं.

"आन् तुमी मागं कशापायी बसलासा?" त्यानं अबोलीला विचारलं.

कोंडीबानं आपल्या तळहाताकडं पाहिलं, धोतराला पुसला, पुन्हा पाहिला. त्यानंतर त्यानं ती बोट कधी कोणाला दिली नाही. गळती लागलीय सांगायचा.

संपलं? कुठलं संपतंय! धवल, पाय आवर की. काय चाललंय तुझं मघापासून? गार लागतंय तर घोंगडी घे.

गेल्या माघात एका लग्नाहून परतायला उशीर झाला, म्हणून मी सुमंतकडं मुक्काम केला. बाहेरच्या खोलीत झोपलो. रात्री तहान लागली. पाण्याचा माठ आत, मधल्या खोलीतून जावं लागतं. उठलो. मधल्या खोलीत देवाचा दिवा होता. पलंगावर सुमंत झोपलेला, उजव्या कडेला. आणि अबोली खाली, जमिनीवर, अंथरुणात बसून. जागी. तेव्हा तिनं मला हे सगळं सांगितलं, तिथंच, कुजबुजत.

"बघा," ती म्हणाली.

सुमंतचे पाय दुलईखाली हलत होते. चार-पाच वेळा... थांबले... पुन्हा...

"त्या कोजागिरीपासून रोज," अबोली म्हणाली.

मी म्हटलं, "वहिनी, टाक कुठाय? तो घाला की गळ्यात!"

ती हसली. तसं हसणं वैऱ्याच्याही नशिबी नको. म्हणाली, "घातला होता. दुसऱ्याच दिवशी ज्ञानूकडून आणून घातला, चुकलं म्हणून नाक घासलं. पाय थांबले. आठ दिवस सगळं शांत. मला वाटलं, सुटले. पण हे जेवेनात. रात्रभर छताकडं बघत पडायचे. आणि नवव्या पहाटे माझ्यापुढं हात जोडले ह्यांनी. म्हणाले, अबोली... तो टाक काढून ठेव."



"काढून ठेवला," ती म्हणाली. "त्या रात्री झोपेत हसले."

"पण तुम्ही खाली का झोपता?" मी विचारलं. "पलंगावर जागा आहे की."

"नाही," ती म्हणाली. "पाय लागतात."

मी पलंगाकडं पाहिलं. सुमंतच्या डावीकडची दुलई सपाट होती. तिथं कोणी नव्हतं. देवाशप्पथ, कोणी नव्हतं.

सुमंतचे पाय थांबले.

डावीकडची दुलई हलली. पायथ्याशी. चार-पाच वेळा. मग थांबली... दम घेतल्यासारखी... आणि मग दोन्हीकडची, एकदमच...

मी पाणी न पिताच बाहेर आलो. सकाळी चहा घेताना सुमंत मजेत होता. अबोलीचे डोळे खोल गेले होते, तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि आत निघून गेली.

असं काय बघताय माझ्याकडं? भ्यालो असेन म्हणून? पोरांनो, त्या रात्री मी भ्यालो नाही. मी जळलो. अबोली जळते त्याहून जास्त जळलो, सुमंतवर. तुमची काकू जाऊन किती वर्षं झाली, मी दुसरं लग्न केलं नाही, रोज डावीकडची जागा मोकळी ठेवून झोपतो. तिथली चादर सकाळी जशीच्या तशी असते. एक सुरकुतीसुद्धा नाही.

म्हणून मी तलावावर येत नाही. बोटीत बसेन, मधोमध जाईन, पाय उचलेन... आणि पायडलं थांबली, तर?

जा, झोपा आता. मेणबत्ती राहू दे इथंच.